एका फोटोत भेग सापडत नसते

गेल्या महिन्यात आलेले निम्मे प्रश्न एकच आहेत, शब्द तेवढे वेगळे: थर्मल कॅमेऱ्यानं आतली क्रॅक दिसते का? म्हणून एकदाच बसून लिहितो.

प्रश्न: उसाच्या मिलच्या रोलर शाफ्टमधली आतली भेग कॅमेऱ्यानं कळेल का? (कराड)

नाही. एवढ्या जाडीत उष्णतेचा माग पुसून जातो. अल्ट्रासोनिक तपासणी (आवाजाच्या लहरी आत सोडून) करून घ्या, तेही गव्हाणीत मोळी पडायच्या आधी.

प्रश्न: कुपवाडला आमची स्टील फाउंड्री आहे. एकानं येऊन गरम कास्टिंगचे रंगीत फोटो काढले आणि पाच पीस क्रॅक म्हणून रिजेक्ट सांगितले. मानायचं का?

पीस कशानं आणि किती वेळ तापवला, आणि फोटो कितव्या सेकंदाला काढला, हे विचारलंत का? नसेल तर तो रिपोर्ट नाही, रांगोळी आहे. फूरिएनं उष्णता पसरण्याचं गणित १८२२ सालीच छापलंय, त्यात वेळ काढून टाकली तर हातात काही उरत नाही. ढोबळ हिशेब असा की खोलीचा वर्ग करायचा आणि त्याला त्या धातूच्या उष्णता पसरवण्याच्या वेगानं भागायचं. साध्या पोलादात तो आकडा सेकंदाला साधारण १२ चौरस मिलिमीटर, म्हणजे ५ मिमी खालचा दोष वर जाणवायला दोनेक सेकंद, १० मिमीला आठ. अ‍ॅल्युमिनियममध्ये ५ मिमीला अर्धा सेकंदसुद्धा नाही. डाग उमटतो, पसरतो, विरतो, त्यामुळे पूर्ण फिल्म लागते, आणि निर्दोष पीस कसा थंड झाला असता याचं मॉडेल शेजारी ठेवून फरक बघायचा असतो. एकाच फोटोतला डाग वरचा छोटा दोष असेल, खालचा मोठा असेल नाहीतर नुसतं ऑइल असेल.

त्यात मशीनिंग केलेला चकचकीत भाग म्हणजे आरसाच. मी नवखा असताना एका फेसवर झकास "क्रॅक" सापडली होती, मी सरकलो की तीपण सरकायची, माझ्याच पोटाची ऊब होती ती! तेव्हापासून आधी मॅट काळा पोस्टर कलर फासतो, नंतर पाण्यानं धुऊन जातो.

आणखी एक, जे विकणारा कधीच सांगत नाही. पृष्ठभागाला समांतर असलेली फट वरून तापवल्यावर उष्णता अडवते, पण उभी भेग अडवत नाही, उष्णता दोन्ही बाजूंनी सरळ खाली जाते. तिच्यासाठी उष्णता आडवी पळवावी लागते, बाजूला लेझरचा ठिपका देऊन, किंवा इंडक्शन कॉइलनं करंट फिरवून. भेग वर उघडी असेल तर डीपी (भेगेत रंगीत द्रव मुरवून बघणं) किंवा एमपीआय (पीसला चुंबक करून वर लोखंडाची भुकटी टाकून बघणं) स्वस्तात काम करतं. पीस भंगारात टाकू नका, त्यातला एक कापून बघा आणि अशा तपासणीचं लेव्हल टू सर्टिफिकेट असलेल्या माणसाला दाखवा, पैसे त्यानंतर द्या.

प्रश्न: माझ्या प्रोजेक्टमध्ये मॉडेलचं तापमान लाखांत जातंय. जाळी ०.५ मिमी, पोलाद, टाइम स्टेप ०.०५ सेकंद. (विश्रामबाग)

स्टेप, म्हणजे मॉडेल एका उडीत जेवढा वेळ पुढे जातं तो, मोठी आहे. साध्या एक्स्प्लिसिट पद्धतीत (आत्ताच्या तापमानावरून थेट पुढचं काढायचं) एका मितीला ०.०१ सेकंदाच्या आसपास मर्यादा येते, दोन मितींत त्याच्याही निम्मी. आणि भेग म्हणून नुसती रेघ काढू नकोस, हवेचा थर दे: ०.१ मिमी हवा जवळपास १९ सेंटीमीटर पोलादाएवढी उष्णता अडवते. भेग दाबून मिटलेली असेल किंवा तेलानं भरली असेल तर एवढं अडत नाही, तेही करून बघ. बाकी गाइडला विचार, सबमिशनच्या आदल्या रात्री मला नको.

प्रश्न: फोनवर थर्मल अ‍ॅप टाकलं, वेगळं काही जोडलेलं नाही, चालेल ना?

फोनचा साधा कॅमेरा उष्णता बघतच नाही. उजेडाला रंग फासतो तो. डिलीट करा.

प्रश्न: सांगलीवाडीत घर आहे, २०१९ च्या पुरात पाणी आत होतं. कॉन्ट्रॅक्टर थर्मल कॅमेऱ्यात निळा पट्टा दाखवून म्हणतो आतून भेग आहे, सगळं प्लास्टर काढू.

निळा म्हणजे थंड, एवढंच. ओल सुकताना भिंत गार पडते, बहुतेक वेळा तेच असतं. पाइप, गटार, छत आधी बघा. काँक्रीटमध्ये ५ सेंटीमीटर खालचं काही वर जाणवायला तासभर लागतो, हा गृहस्थ किती वेळ थांबला होता? पण भेग डोळ्यांना दिसत असेल, खास करून तिरकी किंवा कॉलमजवळची, तर कॅमेरा राहू दे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला या आठवड्यातच बोलवा. तोवर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख टाकून ठेवा, तो आला की पहिलं तेच विचारेल.