कॉर्सेटच्या भोकांना काज म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: एका नाटकासाठी व्हिक्टोरियन काळातल्या कपड्यांची इंग्रजी टिपणं मराठीत करताना, कॉर्सेटच्या, म्हणजे कंबर आवळणाऱ्या ताठ अंतर्वस्त्राच्या, पाठीवर नाडी ओवायची जी भोकं असतात त्यांना 'काज' म्हटलं तर चालेल का? शिवाय कॉर्सेटला ताठपणा यावा म्हणून आत घालत त्या 'व्हेलबोन'ला 'देवमाशाचं हाड' लिहिलंय, ते बरोबर आहे ना?

आधी काज. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. मूळ 'काझा', म्हणजे घर. बटणाचं घर ते काज. (फीतही तिथलीच, 'फिता'वरून.) आता घर म्हटलं की राहणारा हवा. काजात बटण येऊन मुक्काम करतं, नाडी मात्र एका भोकातून शिरून दुसऱ्यातून निघून जाते. खुद्द पोर्तुगीजमध्येही नाडीच्या भोकाला वेगळा शब्द आहे आणि त्याचं मूळ 'डोळा' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. अशा भोकाच्या इंग्रजी 'आयलेट' या शब्दाचंही तेच, फ्रेंचमधला चिमुकला डोळा. त्यामुळे नुसतं 'काज' लिहिलंत तर शिवणारी बाई लांबट चीर पाडून मोकळी होईल.

पण भोक कसं केलेलं आहे, यावरही उत्तर बदलतं. धातूच्या कड्यांची आयलेट 1820 च्या दशकात आली. त्याआधी ही भोकं दोऱ्यानं गोल विणून घेत. तीही कापून नव्हे, आरीनं टोचून. आरी कापडाचे धागे बाजूला सारते, तोडत नाही, म्हणून नाडी करकचून आवळली तरी भोक फाटत नाही. अशा हातच्या भोकाला मी 'गोल काज' म्हणेन, कारण टाका काजाचाच वाटतो आणि 'गोल'मुळे घोटाळा टळतो. धातूचं असेल तर सरळ 'आयलेट'. दुकानात तोच शब्द चालतो. सुईचं 'नेढं' मलाही मोहात पाडत होतं, पण ते कापडाला कुणी लावत नाही.

नाडीला 'लेस' मात्र लिहू नका. बुटाची लेस आपण म्हणतो खरं, पण कपड्याची लेस म्हटली की डोळ्यांपुढे जाळीदार किनारच येते. 'बंद'ही नको. बाराबंदीचा बंद एका टोकाला शिवलेला असतो. ही नाडी पूर्ण सुटी, ओढून काढता येणारी.

आता देवमासा. तुमचा काही दोष नाही, फसवणूक इंग्रजीनंच केलीय. 'व्हेलबोन' हे हाड नाहीच. काही जातींच्या देवमाशांच्या वरच्या जबड्यातून गाळणीसारख्या पट्ट्या लोंबतात, त्या ज्या द्रव्याच्या असतात त्याचीच आपली नखं बनतात. वाकतं, तुटत नाही, उभं चिरता येतं. हाडाला हे जमलं नसतं. 'देवमाशाच्या जबड्यातली पट्टी' असं एकदा लिहा आणि पुढे सगळीकडे 'कामटी'. आकाशकंदिलाला लावतो तीच. स्वस्तातल्या कॉर्सेटांत वेत आणि बोरूसारख्या काड्याही घालत, म्हणजे शब्द फार लांबचा नाही. नंतर पोलादाच्या आल्या, आता प्लास्टिकच्या मिळतात, पण 'कामटी' सगळ्यांना पुरते. ती सरकवायच्या शिवलेल्या खोबणीला 'नेफा' म्हणायचा मोह होईल, पण नेफा नाडीचा. इथे 'कामटीची खोबण' पुरे.

राहिला 'बस्क', छातीपासून पोटापर्यंतची समोरची ताठ पट्टी. पूर्वी ती एकसंध, लाकडाची किंवा हस्तिदंताची असे. एकोणिसाव्या शतकात तिचे दोन भाग झाले, एकावर खुंट्या आणि दुसऱ्यावर अडकवायच्या कड्या. आपल्या कुठल्याच कपड्यात ती नव्हती, तेव्हा शब्दही नाही. 'बस्क'च ठेवा आणि शेजारी चित्र काढा.