डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं, आता मन बदललंय

पत्र : मी मूल तालुक्यातली. आठवीत सहलीत आनंदवन पाहिलं, तेव्हापासून बाबा आमटे माझे आदर्श. डॉक्टर होऊन हेमलकशाला, आमट्यांच्या आदिवासींसाठीच्या दवाखान्यात जाणार, हे अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय. 'नीट'साठी एक वर्ष थांबले, माझ्या बाबांनी धान विकून क्लासची फी भरली. पण आता मन लागत नाही. आई आशाताई आहे. तिच्या रजिस्टरमधली बाळांची वजनं मांडून बघायला मात्र फार आवडतं. स्टॅटिस्टिक्स घेतलं तर मी शब्द फिरवला असं होईल ना?

उत्तर : अगं, तुझे बाबा आमटे डॉक्टर नव्हते, वकील होते. वरोऱ्याचे उपनगराध्यक्ष असताना त्यांनी सफाई कामगारांसोबत डोक्यावरून मैला वाहिला. एका तरुणीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांना ते भिडले, म्हणून गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' म्हटलं. आणि हाच माणूस पावसात रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून घाबरून पळाला. त्या भीतीने त्यांना झोपू दिलं नाही. ते परत फिरले, त्याची सेवा केली. मग कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगावरचं शिक्षण घेतलं. आनंदवन १९४९ चं.

बाबा आमट्यांचे चिरंजीव प्रकाशभाऊंचंही तसंच. नागपुरात सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण चालू होतं, ते अर्धवट सोडून ते हेमलकशाला गेले. तिथे तरी सगळे डॉक्टरच होते का? 'नेगल' हे पुस्तक लिहिणारे विलास मनोहर डॉक्टर नाहीत, तरी त्या कामात वर्षानुवर्षं राहिले.

आता तू पत्रासोबत पाठवलेला तुझ्या वहीचा फोटो. पावसाळ्यात जन्मलेल्या बाळांची वजनं तू लाल शाईने लिहिलीस आणि खाली बारीक अक्षरात विचारलंस, "रोवणीमुळे?" तो शब्द वाचून मला फार आनंद झाला. पोटुशी बाई दिवसभर चिखलात वाकून धानाची रोपं लावते, म्हणजे रोवणी करते, त्याचा बाळाच्या वजनाशी संबंध असेल का, हे तुला कुणी विचारायला सांगितलं नव्हतं. (बाळं चौतीसच आहेत, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नकोस. आणि पुढच्या वेळी नावं झाकून पाठव.)

तुझ्या शेजारच्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली आणि दुसऱ्या ४७ गावांशी तुलना केली. बाळं खरंच वाचतात हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, जगाला पटलं, ते काटेकोर मोजणीमुळे. अशी मोजणी करणारं माणूस तू होऊ शकतेस.

एक मात्र स्वतःला खरंखरं विचार. उद्या एमबीबीएसची सीट हातात आली, तरी स्टॅटिस्टिक्सच घ्यावंसं वाटेल का? उत्तर 'हो' असेल तर हे परीक्षेचं भय नव्हे. स्टॅटिस्टिक्सच्या बी.एस्सी.ला बारावीचं गणित लागतं, ते तुझं आहे. पुढे मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याच्या आकड्यांचं शास्त्र, शिकता येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करणारी संस्था तीच.

फॉर्म भरलाच आहेस तर 'नीट' दे. पण बाबांना निकालाआधी सांग. नंतर सांगितलंस तर त्यांना ते कमी मार्कांचं निमित्त वाटेल. धान विकल्याचं ओझं तुझ्या मनावर आहे, तेही त्यांच्यापाशी बोल. आईला शेजारी बसव आणि ती लाल शाईची पानं त्यांना दाखव.