आल्टगेल्डवर लिहिताय? आधी माफीपत्र वाचा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. इलिनॉयचे राज्यपाल जॉन पीटर आल्टगेल्ड यांच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहिताय, हाताशी फक्त 1893 ची कात्रणं आहेत, आणि 'हेमार्केटच्या कैद्यांना माफी दिली म्हणून 1896 च्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत पडले' असं लिहू का, असं विचारलंय. मीही नेमका इथेच अडकलो होतो. 1886 मध्ये शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेत पोलिसांवर बॉम्ब पडला, अराजकवादी नेत्यांना दोषी ठरवून चौघांना फाशी झाली आणि तुरुंगात उरलेल्या तिघांना आल्टगेल्डनी माफी दिली, हे तुम्हाला ठाऊकच असणार, ते सोडतो.

26 जून 1893 चं माफीपत्र मुळातून वाचा. मी त्याची प्रत तिकडच्या एका अभिलेखागाराकडे मागितली होती. आधी फॉर्म, मग फी, मग वेगळाच फॉर्म, आणि महिन्यांनी आलं काय, तर आल्टगेल्डना अराजकवाद्यांचा साथीदार ठरवणारी कात्रणं! तक्रार केली तर 'विनंतीनुसार साहित्य पाठवले आहे' एवढंच उत्तर. फी गेली ती गेलीच. माफीपत्र तेव्हाच पुस्तिका म्हणून छापलं होतं, आज त्याचं स्कॅन नेटवर फुकट मिळतं. टेबलावरच्या माणसाने हे एका वाक्यात सांगायला हवं होतं. अजून संताप होतो.

त्या पत्रात दयेची भाषा नाही. खटला न्याय्य झाला असेल आणि आरोपी दोषी असतील, तर राज्यपालाने हात घालू नये, असं आल्टगेल्ड सुरुवातीलाच मान्य करतात. मग एकेक मुद्दा घेतात: ज्यूरी ठरवून निवडलेली, न्यायाधीश गॅरी पूर्वग्रहदूषित, आणि बॉम्ब कुणी टाकला हेच सिद्ध नाही, तर टाकणारा आरोपींच्या सांगण्यावरून वागला हे कसं सिद्ध होणार? कॅप्टन बॉनफिल्डच्या पोलिसी अत्याचारांवरही ते लिहितात. नुसती शिक्षा माफ करून गप्प बसले असते तर गदारोळ कमी झाला असता, असं माझं मत. मी वकील नाही, इतिहासाचा प्राध्यापकही नाही, तेव्हा पडताळून घ्या.

1896 चं कारण एकट्या माफीवर ढकलू नका. त्या वर्षी इलिनॉयमध्ये त्यांच्याच पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार ब्रायन यांच्यापेक्षा आल्टगेल्डना जास्त मतं पडली. पक्षच तिथे विरोधी पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मॅकिन्ली यांच्यापुढे आडवा झाला होता. शिवाय 1894 च्या पुलमन या रेल्वे संपात राज्यपालाने मागितलेलं नसताना राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडनी शिकागोत केंद्राचं सैन्य घुसवलं, त्याविरुद्धच्या आल्टगेल्डच्या तारांनीही शत्रू वाढवले. त्या तारा जरूर वाचा. स्वतः राज्याची मिलिशिया (राज्याचं स्वतःचं सैन्यदल) पाठवणारा माणूस कशाला हरकत घेतोय, ते त्यात स्पष्ट दिसतं.

जाता जाता: फ्लॉरेन्स केलीला वगळू नका. 1893 मध्ये आल्टगेल्डनी तिला कारखान्यांची मुख्य निरीक्षक नेमलं. बायकांसाठी आठ तासांचा दिवस ठरवणारं त्याच वर्षीच्या कायद्यातलं कलम 1895 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. कात्रणांत मला यातलं काहीच सापडलं नव्हतं.