‘इस्नोफिल वाढलेत’ म्हणजे नक्की काय झालंय?

मागे दम्यावर लिहिलं तेव्हापासून जे प्रश्न येतायत त्यातले निम्मे रक्ताच्या रिपोर्टमधल्या पांढऱ्या पेशींभोवतीच फिरतात. इओसिनोफिल (बोलण्यात ‘इस्नोफिल’) ही त्यातलीच एक जात. छातीचा डॉक्टर म्हणून मला हा विषय फार जवळचा आहे, कारण खोकला तोच, धाप तीच, पण आत फुफ्फुसात कुठली पेशी येऊन बसलीय त्यावर औषध पूर्ण बदलतं, आणि हे पेशंटला कुणी सांगतच नाही. आज पाच प्रश्न घेतोय.

प्रश्न: मुलगी 24 वर्षांची आहे. वर्षभर शिंका आणि पहाटे खोकला. रक्ताच्या तपासणीत (सीबीसी) इओसिनोफिल 11 टक्के आले. मेडिकलवाला म्हणाला रक्तात इन्फेक्शन आहे. खरं का? (एक आई, नाशिक)

नाही हो ताई, याला इन्फेक्शन म्हणत नाहीत. आधी टक्के बाजूला ठेवा. तुम्ही रिपोर्टचा फोटो पाठवलाय त्यात एकूण पांढऱ्या पेशी 9,200 आहेत, त्याचे 11 टक्के म्हणजे 1,012, हा खरा आकडा. साधारण 500 पर्यंत आम्ही ठीक धरतो, म्हणजे तिचा दुप्पट आहे.

ही पेशी मायक्रोस्कोपखाली एकदा बघितली की विसरत नाही. मधलं केंद्रक दोन पाळ्यांचं, अगदी चष्म्यासारखं, आणि बाकी सगळी पेशी केशरी-गुलाबी दाण्यांनी गच्च, डाळिंब फोडल्यासारखी. हे दाणे इओसिन नावाचा लाल रंग शोषतात म्हणून पॉल एर्लिख या जर्मन डॉक्टरने 1879 मध्ये तिला हे नाव दिलं. त्या दाण्यांमध्ये जे विषारी प्रोटीन असतं ते मुळात जंतांवर ओतायला असतं, पण ॲलर्जीच्या दम्यात पेशी तेच आपल्याच श्वासनळीच्या अस्तरावर ओतते, मग अस्तर सोलवटतं, सूज येते, कफ चिकट होतो आणि नळी जरा धूळ-गारठा लागला की आवळते. पहाटेचा खोकला तिथून येतो.

म्हणून तिची स्पायरोमेट्री म्हणजे फुंकायची टेस्ट करा, आणि जंत नाहीत ना तेही बघून घ्या. सेट्रिझिन या ॲलर्जीच्या गोळीने नाक थांबेल, नळीतली सूज नाही थांबणार, त्याला ओढायचं स्टिरॉइडच लागतं. आता लगेच म्हणाल पंप नको, सवय लागते. पंपातून दिवसाला 200 ते 400 मायक्रोग्रॅम जातं, आणि अटॅक आल्यावर जी 40 मिलिग्रॅमची गोळी देतात ती 40 हजार मायक्रोग्रॅम. पंप टाळून टाळून शेवटी पोरं त्या गोळीवर येतात याचं मला खरंच वाईट वाटतं. ओढून झाल्यावर चूळ भरायची, एवढं मात्र सांभाळा.

प्रश्न: बेडका हिरवा झाला की दर वेळी अँटिबायोटिक घ्यावं लागतं का? (वाचक, ठाणे)

दर वेळी नाही. तो हिरवा रंग जंतूंचा नसतोच, तो न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा असतो. त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं लोह असलेलं एन्झाइम असतं आणि ते स्वतःच हिरवं असतं, पू हिरवट दिसतो तोही त्यामुळेच. म्हणजे हिरवा बेडका एवढंच सांगतो की पेशी मोठ्या संख्येने आल्यात. दम्यात तर नुसत्या इओसिनोफिलमुळेही कफ पिवळट-हिरवट होतो, इन्फेक्शन नसताना. पण ज्यांना ब्रॉन्किएक्टेसिस आहे, म्हणजे नळ्या कायमच्या रुंद होऊन कफ साठतो, किंवा सीओपीडी आहे, म्हणजे धूर-धुळीने फुफ्फुसं खराब होऊन कायमची धाप लागते, त्यांचा कफ रोजच्यापेक्षा वाढला, रंग गडद झाला आणि धापही वाढली तर वाट बघू नका, डॉक्टरकडे जा आणि शक्य असेल तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी बेडका कल्चरला, म्हणजे त्यात कुठला जंतू वाढतो ते बघायला, द्या.

प्रश्न: आई 61 वर्षांची, आयुष्यात बिडीला हात लावला नाही, तरी सीओपीडी सांगितलाय. एका डॉक्टरांनी स्टिरॉइडचा पंप दिला, दुसऱ्यांनी बंद करून वेगळा दिला. कोणावर विश्वास ठेवू? (मुलगा, सातारा जिल्हा)

दोघेही बरोबर असू शकतात, सांगतो कसं ते.

आधी बिडीचं. तुम्ही लिहिलंय की लग्न झाल्यापासून तीसेक वर्षं त्या चुलीपुढे होत्या. तोच धूर. न ओढणाऱ्यांमध्येही सीओपीडी किती मोठा आहे हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, आणि त्यात चुलीचा धूर हे मोठं कारण होतं. धूर आत गेला की फुफ्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशी, मॅक्रोफेज, काजळी गिळतात आणि मदतीला न्यूट्रोफिल बोलावतात. शरीर रोज साधारण दहा हजार कोटी न्यूट्रोफिल बनवतं, तेव्हा माणूसबळाची कमतरता नसते, प्रॉब्लेम त्यांच्या हत्याराचा आहे. इलास्टेज नावाचं एन्झाइम सोडतात, ते जंतूला मारतं तसं फुफ्फुसाचे लवचीक धागेही कापतं. याला आवर घालायला रक्तात अल्फा-1 अँटिट्रिप्सिन नावाचं प्रोटीन असतं. 1963 मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांना असे लोक सापडले ज्यांच्यात ते जन्मतःच कमी होतं, आणि त्यातल्या काहींची फुफ्फुसं ऐन तरुण वयात फुगून निकामी झाली होती, तिथून हे सगळं कोडं सुटायला लागलं. तंबाखूचा धूर तर हे रक्षक प्रोटीनच बिघडवून टाकतो. धागे तुटले की वायुकोश जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखे सैल पडतात, श्वास आत जातो पण नीट बाहेर येत नाही.

आता पंपाचं. स्टिरॉइडने इओसिनोफिल मरतात, न्यूट्रोफिल मात्र मरत नाहीत, उलट जास्त वेळ जगतात. म्हणून न्यूट्रोफिलवाल्या सीओपीडीत स्टिरॉइडचा फायदा थोडा आणि न्यूमोनियाचा धोका वाढलेला. पण सीओपीडीच्या काही पेशंटमध्ये इओसिनोफिलही असतात आणि त्यांचे अटॅक स्टिरॉइडने खरोखर कमी होतात. जगभर वापरतात त्या गोल्ड गाइडलाइनमध्ये ढोबळ हिशोब असा आहे की वारंवार अटॅक येतात आणि रक्तातला आकडा 300 किंवा जास्त आहे तर स्टिरॉइड द्यायला भक्कम कारण आहे, 100 च्या खाली असेल तर टाळलेलं बरं, मधल्यांचं पेशंट बघून ठरवायचं. नळ्या मोकळ्या ठेवणारं औषध मात्र सगळ्यांनाच लागतं. तेव्हा आईंचा आकडा काढा, पण तब्येत स्थिर असताना आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू नसताना, कारण गोळी घेतल्यावर काही तासांतच इओसिनोफिल धडाधड खाली येतात आणि रिपोर्ट फसवा निघतो. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा आणि त्या वेळचे रिपोर्ट शेजारी ठेवून बघा, बहुतेक तिथेच उत्तर मिळेल. आणि चूल अजून पेटत असेल तर ती पहिली बंद, गॅस परवडत नसेल तर निदान धुराला बाहेर काढणारी चिमणी तरी, एवढं कराच.

प्रश्न: दम्याचं महागडं इंजेक्शन सांगितलंय, घेऊ का? (वाचक, पुणे)

मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब ही इंजेक्शनं नेमकी इओसिनोफिलवर मारा करतात, पहिलं त्यांना वाढवणारा आयएल-5 हा निरोप अडवतं, दुसरं थेट पेशीच संपवतं. ज्यांचे इओसिनोफिल वाढलेत आणि पूर्ण डोसचा पंप बरोबर घेऊनही वर्षात पुन्हा पुन्हा स्टिरॉइडच्या गोळ्या लागतात त्यांना फार फायदा होतो. आकडा कमी असेल तर पैसे वाया. त्याआधी एकदा डॉक्टरसमोर पंप ओढून दाखवा, माझ्याकडे ‘पंप लागूच पडत नाही’ म्हणून येणाऱ्या कितीतरी जणांचं औषध घशातच बसत असतं.

प्रश्न: चार महिने रात्री खोकला, वजन घटलं, एक्सरेत बारीक डाग म्हणून टीबीची शंका, बेडका मात्र निगेटिव्ह. इओसिनोफिल 42 टक्के. वय 29. (वाचक, चंद्रपूर जिल्हा)

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकूण पेशी 16,000 लिहिल्यात, म्हणजे इओसिनोफिल 6,720. साध्या दम्यात आकडा सहसा इतका वर जात नाही. तुमचा भाग हत्तीरोगाचा, त्यामुळे ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया बघायलाच हवा. यात डासातून आलेल्या फायलेरियाची, म्हणजे हत्तीरोगाच्या जंतांची, पिल्लं रक्तातून फुफ्फुसात अडकतात आणि शरीर त्यांच्यावर अतिरेकी चिडून इओसिनोफिलची फौज पाठवतं. रक्तात जंत बहुतेक सापडतच नाहीत, म्हणून रात्रीचं रक्त निगेटिव्ह आलं तरी आजार नाही असं होत नाही. आयजीई (ॲलर्जीत आणि जंतांत वाढणारी अँटिबॉडी) आणि फायलेरियाच्या अँटिबॉडीची तपासणी लागते.

टीबीशी गल्लत ही जुनीच गोष्ट आहे. 1940 मध्ये आंध्रातल्या मदनपल्लीच्या टीबी सॅनेटोरियममधल्या डॉक्टरांनीच लिहिलं होतं की टीबीसारखे दिसणारे पण इओसिनोफिल वाढलेले पेशंट आपल्याकडे येतायत.

निदान पक्कं झालं तर डीईसी या फायलेरियावरच्या औषधाच्या गोळ्या साधारण तीन आठवडे, वजनाप्रमाणे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बऱ्याच जणांचा खोकला आठवडा-दोन आठवड्यात उतरतो. काहींना पुन्हा होतं, म्हणून नंतरही रक्त तपासत राहायचं, आणि उपचाराविना तसंच सोडलं तर फुफ्फुसं कडक होऊ शकतात. गावात मोहिमेत आशाताई समोर उभं राहून गोळ्या खायला लावतात ना, तुम्ही लिहिलंय त्या घेतल्यात म्हणून, तर तो एकच डोस गावातला प्रसार थांबवण्यासाठी असतो, या आजाराला तो पुरत नाही. आणि कुणी नुसतं स्टिरॉइड देऊन खोकला दाबू म्हणालं तर आधी जंतांची तपासणी मागा, स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक जंत स्टिरॉइडने शरीरभर पसरतो. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर मनाने बंद करू नका, हाच सीबीसी घेऊन या आठवड्यातच छातीच्या डॉक्टरकडे जा आणि 6,720 या आकड्यावर बोट ठेवून विचारा.