आजोबांच्या ग्राफची ट्रंक आणि न्यूयॉर्कची व्हीलरबाई

प्रश्न : ताई, मी इंटिरियर डिझाइनचा डिप्लोमा करतेय, दुसरं वर्ष. क्लासमध्ये सांगितलं की अमेरिकेतली पहिली इंटिरियर डिझायनर एल्सी डी वुल्फ, पण असाइनमेंटसाठी शोधताना कँडेस व्हीलर असं नाव आलं, मग खरं कोण? आणि अजून एक. माझे आजोबा चादरीच्या कारखान्यांना ग्राफ (म्हणजे विणायच्या नक्षीचा चौकटीच्या कागदावरचा आराखडा) काढून द्यायचे, आयुष्यभर तेच काम केलं, आता वय ८३. त्यांची एक पत्र्याची ट्रंक नुसत्या ग्राफ पेपरनी भरलीय. दरवर्षी दिवाळीची आवराआवर आली की घरात भांडण, आई म्हणते रद्दीत घाला, जागा अडते. असल्या कागदांचा कुणाला उपयोग असतो का हो?
– एक विद्यार्थिनी, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : अगं, तू दोन प्रश्न विचारलेस पण मला ते एकच वाटतात, कसं ते सांगते.

आधी पहिली कोण ते उरकून टाकू. एल्सी डी वुल्फ मूळची नाटकातली नटी, तिला न्यूयॉर्कच्या कॉलनी क्लबचं काम मिळालं, १९०७ ला तो क्लब उघडला आणि बाईचं नाव झालं. जड पडदे, काळपट लाकूड सगळं काढून टाकलं आणि हलके रंग, फुलाफुलांचं चिंट्झ कापड आणलं. नाव झालं ते रास्तच आहे. पण व्हीलरबाई तिच्या कितीतरी आधीची. १८९५ मध्येच तिनं ‘बायकांसाठी व्यवसाय म्हणून घरसजावट’ ह्या विषयावर लेख लिहिला होता, आणि त्यात नुसती आवड असून भागत नाही, रीतसर शिकावं लागतं असं बजावलं होतं. त्यामुळे असाइनमेंटमध्ये दोघींची नावं घाल, तारखा घाल, आणि ‘पहिली’ हा शब्द जरा जपून वापर.

आता व्हीलरबाईबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार, कारण ती आपल्या सोलापूरला कळेल अशी बाई आहे, कापडातली!

जन्म १८२७, गावाचं नाव चक्क दिल्ली, न्यूयॉर्क राज्यातलं, तिथले लोक त्याला डेल-हाय म्हणतात. वडील दूधदुभत्याची शेती करायचे आणि गुलामगिरीच्या कट्टर विरोधात, गुलामांनी पिकवलेला कापूस घरात नको म्हणून जवसाच्या धाग्याचं कापड घरीच व्हायचं. सतराव्या वर्षी लग्न, चार मुलं, आणि पन्नाशीला टेकेपर्यंत ही घरसंसार करणारी हौशी बाई, बस. मग १८७६ ला थोरली मुलगी वारली. (तिचा मुलगा म्हणजे हेन्री स्टिम्सन, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा युद्धमंत्री, अणुबॉम्बच्या यादीतून क्योटो शहर काढायला लावणारा तोच. विषय वेगळा आहे पण सांगितल्याशिवाय राहवेना.) त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात व्हीलरबाईनं लंडनच्या भरतकाम शाळेचा स्टॉल बघितला आणि डोक्यात आलं की आपल्या अमेरिकेत यादवी युद्धानंतर इतक्या विधवा, इतक्या घरंदाज पण पैशाला मोताद बायका बसल्यात, त्यांना ह्यातून कमाई का होऊ नये. १८७७ ला न्यूयॉर्कमध्ये सोसायटी ऑफ डेकोरेटिव्ह आर्ट काढली. तिथं विकायला फक्त कलेच्या दर्जाचंच काम घ्यायचे, मग बाकीच्या बायकांनी काय करायचं? म्हणून पुढच्याच वर्षी आणखी एका बाईंच्या साथीनं दुसरं दुकान काढलं, तिथं घरचे खाण्याचे पदार्थसुद्धा चालायचे. आपल्या बचत गटाच्या स्टॉलवर शेंगाचटणी, कडक भाकरी आणि क्रोशाचे रुमाल शेजारी शेजारी असतात ना, तसंच समज.

१८७९ ला ती लुई टिफनीबरोबर धंद्यात आली, तोच तो रंगीत काचेवाला टिफनी. कापड आणि भरतकाम सगळं हिच्याकडं. त्याच कंपूतला लॉकवुड डी फॉरेस्ट अहमदाबादला येऊन मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढून बसला, म्हणजे आपला देशही ह्या गोष्टीत कुठंतरी आहेच. लेखक मार्क ट्वेनचं हार्टफर्डचं घर ह्या मंडळींनी सजवलं, व्हाइट हाऊसच्या खोल्याही केल्या. १८८३ ला बाई वेगळी झाली आणि असोसिएटेड आर्टिस्ट्स हे नाव घेऊन फक्त बायकांची कंपनी चालवली, ती १९०७ पर्यंत चालली. म्हणजे एल्सीचा क्लब उघडला त्या वर्षी हिची कंपनी बंद!

हिचं एक काम तुझ्या आजोबांना वाचून दाखव, त्यांना लगेच कळेल. १८८२ मध्ये तिनं भरतकामाच्या एका पद्धतीचं पेटंट घेतलं. खास विणून घेतलेलं रेशमी कापड, त्याच्या ताण्याबाण्यातूनच सुई घालायची, साधारण रफू करतो तशी, त्यामुळे टाका कापडावर बसलाय असं न वाटता कापडातच विणलाय असं वाटायचं. तिची कापडं कनेक्टिकटच्या चेनी ब्रदर्स मिलमध्ये निघायची. आणि नुसतं श्रीमंतांचं रेशीम नाही हं, साध्या डेनिमवर, कॉटनवरसुद्धा छापील नक्षी काढली, कमी पैशात घर चांगलं दिसावं म्हणून. वॉलपेपरच्या एका स्पर्धेत १००० डॉलरचं पहिलं बक्षीस तिच्या मधमाश्यांच्या डिझाइनला मिळालं होतं, १८८१ ची गोष्ट.

आता तुझ्या ट्रंकेकडं येते. व्हाइट हाऊसमधलं त्यांचं काम १९०२ च्या दुरुस्तीत काढून टाकलं. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात स्त्रियांच्या इमारतीची आतली सजावट हिच्याकडं होती, ती इमारत प्रदर्शन संपल्यावर पाडली. ग्राहकांच्या घरचे पडदे तर काय, विटले की गेले. एवढं करून बाई १९२३ ला वारली, ९६ वर्षांची होऊन, आणि नाव हळूहळू मागं पडलं. पण तिची दुसरी मुलगी डोरा, जी स्वतः चित्रकार होती आणि आईच्या कंपनीत डिझाइन करायची, तिनं कापडाचे नमुने जपून ठेवले होते, ते तिनं १९२८ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले. तुकडेच की ते, कोणाला वाटलं असतं गोधडीला लावावेत. त्याच म्युझियमनं २००१ मध्ये व्हीलरबाईवर आख्खं प्रदर्शन भरवलं आणि सोबत जाड पुस्तक काढलं, आता तुझ्यासारख्या मुलीला सोलापुरात बसून तिचं नाव सापडतं ते त्यामुळेच.

अजून एक नॅन्सी मॅक्लेलँड म्हणून होती, जुन्या वॉलपेपरची मोठी जाणकार, तिचे कागदपत्र न्यूयॉर्कच्याच कूपर ह्युइट म्युझियममध्ये आहेत. जुना नमुना हातात असला की तेच डिझाइन पुन्हा छापता येतं, हाच तिचा धंदा होता.

आजोबांचा ग्राफ म्हणजे तोच नमुना. एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा, एक आडवी ओळ वाचून पुठ्ठ्याचं एक कार्ड पंच करायचं, भोक असेल तिथं धागा वर उचलायचा, आणि मग चादरीवर मोर येणार. चादर लोकांनी वापरून फाडली, कार्डं कारखान्यानं मोडीत घातली असतील, माग भंगारात गेला, आता जकार्डला (मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्राला) डिझाइन पेन ड्राइव्हवरून जातं. तो मोर आता फक्त तुमच्या ट्रंकेत आहे.

माझंच सांगते. माझ्या सासऱ्यांच्या मापाच्या वह्या, ते सुतारकाम करायचे, आम्ही घर बदलताना रद्दीवाल्याला दिल्या. मीच दिल्या. त्यातल्या एका वहीत आमच्या जुन्या वाड्याच्या दाराची नक्षी होती हे नंतर दिरांनी सांगितलं. त्यामुळे तुझ्या आईवर मी रागावणार नाही, जागा खरंच अडते.

तर आता काय कर. आजोबांना शेजारी बसव आणि एकेक ग्राफ हातात देऊन विचार, कुठल्या कारखान्यासाठी, साधारण कुठलं साल, किती हूकचं (धागे उचलणाऱ्या आकड्यांचं) जकार्ड, रंग कुठले होते, पैसे किती मिळाले. कागदाच्या मागं कोपऱ्यात पेन्सिलनं नंबर टाक, पेन नको, आणि त्याच नंबरापुढं सगळं एका वहीत लिही. घरात तेलुगू बोलत असाल तर आजोबा मागाचे जे शब्द वापरतील ते तसेच लिही, ‘शुद्ध’ करायला जाऊ नको. स्टेपलच्या पिना आणि रबर काढ, पिना गंजतात, रबर चिकटतं. सेलोटेप नाही लावायची आणि लॅमिनेशन तर अजिबात नाही, ते एकदा केलं की निघत नाही. ट्रंक भिंतीला आणि फरशीला टेकवू नको, खाली विटा ठेव, वाळवीचा भरवसा नसतो. कार्डांची एखादी माळ कुठं सापडली तर तीही ठेव. हे सगळं वहीत आलं की मग एखाद्या टेक्स्टाइल कॉलेजच्या लायब्ररीत किंवा म्युझियममध्ये विचारता येतं, नुसती ट्रंक नेलीस तर त्यांनाही काही कळणार नाही.

आणि हे सगळं ह्या दिवाळीच्या आत, आजोबा ८३ चे आहेत.

प्रश्न : घरातल्या जुन्या कागदांचे मोबाईलवर फोटो काढले तर मग मूळ कागद टाकले तर चालतील का?
– एक वाचक, नवी पेठ

उत्तर : वरचं वाचलंत तर उत्तर मिळेल, तरी सांगते, नाही चालणार. मोबाईल बदलला की फोटो जाऊ शकतात, आणि फोटोत कागदाचं माप कळत नाही, पेन्सिलनं आधी काय काढून खोडलं होतं तेही दिसत नाही. फोटो काढाच पण, खिडकीपाशी उजेडात, शेजारी पट्टी ठेवून. आणि कागद उलटून मागच्या बाजूचाही एक काढा, आपल्याकडं हिशेब मागंच लिहिलेला असतो.