‘तूर्तास’मध्ये अडकलेली शांतता : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

गाझासाठी सुरक्षा परिषदेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ठराव केला, तेव्हापासून वाचकांची पत्रं वाढली आहेत. बहुतेकांचा सूर एकच : इतके करार झाले, इतकी हस्तांदोलनं झाली, मग गाडी पुन्हा तिथेच कशी येते? त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : १९९३ मध्ये राबिन आणि अराफात यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर हात मिळवले, ते मी टीव्हीवर पाहिलं होतं. वाटलं, मिटलं एकदाचं. नेमकं कुठे फिसकटलं?

मलाही तसंच वाटलं होतं. वर्गात मुलांना तो फोटो दाखवून मी उत्साहाने बोललो होतो, हे आजही आठवतं.

इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे (पीएलओ) नेते अराफात यांच्या त्या हस्तांदोलनामागे नॉर्वेत अनेक महिने चाललेल्या गुप्त बैठका होत्या. सुरुवातीला इस्रायलच्या बाजूने दोन अभ्यासक, याइर हिर्शफेल्ड आणि रॉन पुंडाक, आणि समोर पीएलओचे अहमद कुरेई. अमेरिकेचा झगमगाट नव्हता, पत्रकार नव्हते, त्यामुळे माणसं मोकळी बोलली. पण १३ सप्टेंबर १९९३ ला ज्यावर सह्या झाल्या तो ‘ओस्लो करार’ म्हणजे अंतिम तह नव्हताच. पाच वर्षांची अंतरिम स्वायत्तता द्यायची आणि जेरुसलेम, निर्वासित, ज्यू वसाहती, सीमा, सुरक्षा हे सगळे अवघड विषय नंतर बोलायचे, असा तो आराखडा होता. आधी एकमेकांवर विश्वास बसू दे, मग गाठी आपोआप सैल होतील, ही त्यामागची आशा.

त्या ‘तूर्तास’ला राखणदार कुणीच नेमला नाही. मधली वर्षं ज्यांना हा समझोता नकोच होता त्यांच्या हाती पडली. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनला एका ज्यू अतिरेक्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. हमासने इस्रायली शहरांत बसगाड्यांमध्ये आत्मघाती स्फोट घडवले. ४ नोव्हेंबर १९९५ ला खुद्द राबिन यांना त्यांच्याच देशातल्या एका ज्यू तरुणाने तेल अवीवमध्ये सभेनंतर ठार केलं. आणि या सगळ्या काळात वेस्ट बँकमध्ये, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेच्या व्याप्त भागात, ज्यू वसाहती वाढतच होत्या. करार झाला तेव्हा पूर्व जेरुसलेम वगळता तिथे साधारण १ लाख १० हजार इस्रायली वसाहतकार होते. आज ते पाच लाखांच्या वर आहेत. ज्या जमिनीबद्दल बोलणी, तीच जमीन बोलणी चालू असताना पायाखालून सरकत होती. पॅलेस्टिनी माणसाने विश्वास ठेवायचा तो कशावर? आणि ज्या आईचं मूल बसमध्ये गेलं, त्या इस्रायली आईने तरी कशावर?

१९९५ च्या दुसऱ्या करारात वेस्ट बँकचे तीन तुकडे झाले. ‘ए’ क्षेत्र पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे, म्हणजे पॅलेस्टिनींच्या अंतरिम सरकारकडे, आज सुमारे १८ टक्के. ‘बी’मध्ये नागरी कारभार पॅलेस्टिनींचा, सुरक्षा इस्रायलच्या हाती, सुमारे २२ टक्के. उरलेले ६० टक्के ‘सी’, पूर्ण इस्रायली ताब्यात. ‘ए’ क्षेत्राच्या तोंडाशी रस्त्याकडेला मोठ्या लाल पाट्या आहेत. हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत लिहिलंय की हा रस्ता ‘ए’ क्षेत्रात जातो, इस्रायली नागरिकांना मनाई आहे, जिवाला धोका आहे आणि हे कायद्याविरुद्ध आहे. ही सगळी व्यवस्था मे १९९९ ला संपायची होती. पाट्या अजून उभ्या आहेत, आणि तिशीतल्या पॅलेस्टिनी माणसाने आयुष्यात दुसरं काही पाहिलेलंच नाही.

प्रश्न : मग इजिप्त आणि इस्रायल यांच्यातला तह कसा टिकला? ते तर चार युद्धं लढले होते.

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नोव्हेंबर १९७७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात जेरुसलेमला गेले आणि इस्रायलच्या संसदेत बोलले. पुढच्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांना कँप डेव्हिडला, आपल्या विश्रामस्थानी, तेरा दिवस अक्षरशः कोंडून घेतलं. पहिल्या काही दिवसांतच दोघांचं इतकं बिनसलं की कार्टर एका कॉटेजमधून दुसऱ्या कॉटेजमध्ये मसुदे घेऊन फिरू लागले. शेवटच्या दिवशी जेरुसलेमवरच्या एका पत्रावरून बेगिन निघून जायच्या बेतात होते. त्यांनी नातवंडांसाठी तिघांच्या फोटोवर कार्टर यांच्या सह्या मागितल्या होत्या. कार्टर यांच्या सचिवाने परस्पर नातवंडांची नावं मिळवली आणि कार्टर यांनी प्रत्येक फोटोवर एकेका मुलाचं नाव घालून सही केली. ते फोटो घेऊन ते स्वतः बेगिन यांच्या कॉटेजवर गेले. बेगिन एकेक नाव मोठ्याने वाचत गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यानंतर बोलणं पुन्हा सुरू झालं.

पण तह काही फोटोंवर टिकला नाही. त्यात शेवट काय हे आधीच लिहिलेलं होतं : १९६७ मध्ये इस्रायलने घेतलेला इजिप्तचा सगळा सिनाई परत, बदल्यात पूर्ण शांतता आणि राजदूत. माघारीच्या तारखा होत्या. सिनाईवर लक्ष ठेवायला बहुराष्ट्रीय फौज उभी राहिली, ती आजही तिथे आहे. अमेरिकेने आपला शब्द पैशाने भरला. दोन्ही देशांना वर्षानुवर्षं मोठी मदत दिली. १९८१ मध्ये सादात यांची हत्या झाली, तरी एप्रिल १९८२ मध्ये ठरल्याप्रमाणे माघार पूर्ण झाली आणि सिनाईतल्या यामित वसाहतीतून इस्रायलच्या सैन्याने आपल्याच लोकांना बाहेर काढलं. ताबा हा समुद्रकाठचा चिमुकला तुकडा तेवढा वादात राहिला. सीमेवरचा जुना खांब कुठे होता यावर घोडं अडलं, तेव्हा प्रश्न लवादाकडे गेला. १९८८ मध्ये निकाल इजिप्तच्या बाजूने लागला आणि मार्च १९८९ मध्ये इस्रायलने ताबा सोडलं. लवादाची सोय ओस्लोच्या कागदातही होती, पण दोन्ही बाजू राजी असतील तरच. ती कधी वापरली गेलीच नाही.

आता यातली खरी दुखरी जागा. कँप डेव्हिडला करार एक नव्हे, दोन झाले होते. दुसरा वेस्ट बँक आणि गाझासाठी होता : पाच वर्षांचा संक्रमणकाळ, मग अंतिम बोलणी. त्यात ना शेवट ठरला होता, ना मधल्या काळाचा पंच. बोलणी चालू असेपर्यंत नव्या वसाहती थांबवायचं बेगिन यांनी कबूल केलं, असं कार्टर समजून चालले. बेगिन म्हणाले, मी तीन महिने म्हणालो होतो. एकाच दिवशी, एकाच खोलीत, त्याच माणसांनी सह्या केलेले दोन कागद. तारखा आणि पंच होते तो टिकला. ‘तूर्तास’वर सोडलेला विरून गेला. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे.

प्रश्न : गाझाच्या नव्या योजनेत आंतरराष्ट्रीय फौज आहे. ती काही करू शकेल का?

आधी योजना थोडक्यात. १० ऑक्टोबर २०२५ ला शस्त्रसंधी झाली, तीन दिवसांनी हमासकडचे हयात असलेले वीस ओलीस सुटले, इस्रायलने सुमारे दोन हजार पॅलेस्टिनी कैदी आणि स्थानबद्ध सोडले. इस्रायली सैन्य ‘पिवळ्या रेषे’मागे गेलं, त्या रेषेने गाझाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग त्यांच्याकडेच ठेवला. १७ नोव्हेंबरला ठराव २८०३ मंजूर झाला, १३ विरुद्ध शून्य, रशिया आणि चीन तटस्थ. गाझाचा तात्पुरता कारभार पाहणारं एक ‘शांतता मंडळ’ आणि एक आंतरराष्ट्रीय स्थैर्य फौज, दोघांची मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत.

हा ठराव वाचताना मी पेन्सिलने खुणा केल्या. माघार कधी? निःशस्त्रीकरणाशी जोडलेले टप्पे आणि मुदती ठरतील तेव्हा. पॅलेस्टिनी राज्य? प्राधिकरणाने सुधारणा नीट पार पाडल्या आणि गाझाची पुनर्बांधणी पुढे गेली, तर त्या दिशेने विश्वासार्ह वाटेसाठी परिस्थिती ‘तयार होऊ शकेल’. या वाक्यात तारीख नाही, आणि सुधारणा ‘नीट’ झाल्या हे ठरवायला दोन्ही बाजूंना मान्य असा पंच नाही. माझी काळजी तीच जुनी आहे.

फौजेबद्दल आपल्याला स्वतःचा अनुभव आहे, तो इथे कुणी फारसा सांगत नाही. सुएझच्या संकटानंतर १९५६ ते १९६७ गाझात आणि सिनाईत संयुक्त राष्ट्रांची फौज होती. भारताची तुकडी तीत मोठी होती, आणि जनरल ग्यानी, मग जनरल रिखये या भारतीय अधिकाऱ्यांनी तिचं नेतृत्व केलं. दहा वर्षं सीमा बरीच शांत राहिली. पण ती फौज इजिप्तच्या बाजूलाच उभी होती. इस्रायलने तिला आपल्या हद्दीत येऊ दिलं नाही. मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी ‘जा’ म्हटलं आणि तिला जावं लागलं. ५ जूनला युद्ध पेटलं तेव्हा आपले जवान अजून गाझातून निघालेही नव्हते. त्यांच्यातले काही तिथेच मारले गेले. फौज शांतता राखू शकते, पण ती दोघांनाही हवी असेल तोवर.

प्रश्न : फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा यांनी पॅलेस्टाईनला मान्यता दिली. जमिनीवर काही फरक पडतो का?

लगेच नाही. एकही तपासणी नाका त्यामुळे उठला नाही. १९३ पैकी १५० हून अधिक देशांची मान्यता आहे, तरी पूर्ण सदस्यत्वाचा ठराव एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नकाराधिकाराने पडला. त्याहून घट्ट फास पैशाचा आहे. १९९४ च्या पॅरिस करारानुसार पॅलेस्टिनींच्या वाट्याची आयात जकात इस्रायल गोळा करतं आणि प्राधिकरणाला देतं. तो पैसा अनेकदा रोखला जातो, आणि रामल्लातल्या शिक्षकाला गेली काही वर्षं पूर्ण पगार मिळत नाही.

तरी ब्रिटनच्या मान्यतेला मी कमी लेखणार नाही. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देण्याचं वचन देणारं १९१७ चं बाल्फोर पत्र त्यांचं, १९४८ पर्यंत तिथला कारभार त्यांचा. आपण सुरू केलेली गोष्ट अर्धीच राहिली, ही त्यांची उशिरा दिलेली कबुली आहे.

प्रश्न : अलिबागला आमच्या शेजारी बेने इस्रायली कुटुंब होतं. ते तिकडे गेले, अजून फोनवर मराठीत बोलतात. पॅलेस्टिनींबद्दल वाईट वाटणं म्हणजे त्यांच्याशी बेइमानी का?

अजिबात नाही, ताई. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

बेने इस्रायली हे आपल्या कोकणातले ज्यू, नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांची गलबतं फुटली अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनिवार तेली’. अश्दोद, बीरशेबा, दिमोना इथे त्यांची मोठी वस्ती आहे. अश्दोद आणि बीरशेबा गाझातून सुटणाऱ्या रॉकेटच्या टप्प्यात येतात. भोंगा वाजला की म्हातारी माणसंसुद्धा काही सेकंदांत आडोशाला पळतात. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १२०० माणसं मारली आणि २५१ जणांना पळवून नेलं, त्याची दहशत त्या घरांमध्ये आहे. त्यानंतरच्या दोन वर्षांत गाझात ६७ हजारांहून अधिक माणसं मेल्याचं तिथलं आरोग्य खातं सांगतं, आणि त्यांत हजारो लेकरं आहेत. तुमच्या जुन्या शेजाऱ्यांना रात्री शांत झोप लागावी आणि गाझातल्या आईलाही लागावी, असं वाटणं हे एकच वाटणं आहे.

भारताची वाटही अशी दोन्ही हात धरून चाललेली आहे. १९४७ ला पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत, १९५० ला इस्रायलला मान्यता, १९५३ पासून मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास. १९८८ ला पॅलेस्टाईनला मान्यता, १९९२ ला इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध. अलीकडे मात्र पाऊल अडखळतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये गाझातल्या युद्धबंदीविषयी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावांवर आपण तटस्थ राहिलो, तर सप्टेंबर २०२५ मध्ये द्विराष्ट्र तोडग्याच्या, म्हणजे इस्रायल आणि पॅलेस्टाईन अशी दोन शेजारी राष्ट्रं मानणाऱ्या, न्यूयॉर्क जाहीरनाम्याला मत दिलं. ते शेवटचं मत योग्य होतं. जूनमधली तटस्थता मला पटली नाही.

प्रश्न : द्विराष्ट्र तोडगा मेला असं सगळे म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

नकाशावर तो मेलेला नाही. १६ सप्टेंबर २००८ ला इस्रायलचे पंतप्रधान एहूद ओल्मर्ट यांनी जेरुसलेममध्ये पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे अध्यक्ष महमूद अब्बास यांच्यासमोर एक नकाशा उलगडला. वेस्ट बँकचा ६.३ टक्के भाग इस्रायल घेणार, बदल्यात आपली ५.८ टक्के जमीन देणार, शिवाय गाझाला जोडणारी वाट. ओल्मर्ट म्हणाले, आत्ता आद्याक्षरं करा, मग प्रत देतो. अभ्यास केल्याशिवाय अब्बास सही करेनात. ते रामल्लाला परतले आणि आठवेल तसा नकाशा हाताने कागदावर काढून ठेवला. दोघे पुन्हा त्यासाठी बसलेच नाहीत. ओल्मर्ट यांच्यावर भ्रष्टाचाराची चौकशी चालू होती, त्यांनी राजीनामा आधीच जाहीर केला होता. डिसेंबरात गाझात युद्ध पेटलं आणि पुढच्या वर्षी नेतान्याहू आले.

जमिनीवर मात्र अवघड होत चाललंय. पूर्व जेरुसलेम आणि माले अदुमिम ही ज्यू वसाहत यांच्यामधल्या ‘ई-१’ पट्ट्यात सुमारे ३,४०० घरांची योजना ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झाली. ती उभी राहिली तर वेस्ट बँकचा उत्तर आणि दक्षिण भाग एकमेकांपासून तुटत जाईल.

आणि तरी २०२४ मध्ये त्याच ओल्मर्ट यांनी अराफात यांचे भाचे नासेर अल-किदवा यांच्यासोबत बसून नवा प्रस्ताव मांडला. या वेळी अदलाबदल ४.४ टक्के, दोन्हीकडे सारखी. २००८ ला नकाशाची प्रत हातातून न सोडणारा माणूस १६ वर्षांनी नवा आकडा उघडपणे जगासमोर ठेवायला तयार झाला. फक्त २००८ ला तो पंतप्रधान होता. २०२४ ला त्या प्रस्तावाखाली नाव घालणाऱ्या दोघांपैकी एकाच्याही हाती सत्ता नव्हती.