महिन्याला ५०० रुपयांत पीसीवर चांगले गेम घेता येतील का?

आरामात येतील, फक्त ते ५०० दर महिन्याला खर्च करू नका. साठवा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात मोठे सेल ठरलेले असतात: उन्हाळी सेल जूनअखेरीस, हिवाळी डिसेंबरअखेरीस. सहा महिन्यांत ३००० जमतात आणि तेव्हा दोन-तीन वर्षं जुने उत्तम गेम निम्म्याहून कमी किमतीत मिळतात.

तोवर हवे ते गेम विशलिस्टमध्ये टाका. किंमत उतरली की स्टीमच ईमेल पाठवतं. घेण्याआधी स्टीमडीबी या स्टीमवरच्या किमतींची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर त्या गेमची आजवरची सर्वांत कमी किंमत बघा. ‘५० टक्के सूट’ दिसते, पण तोच गेम आधी याहून खूप स्वस्त मिळालेला असतो, असं बऱ्याचदा आढळतं. मग थांबलेलं बरं.

लॅपटॉप जुना असेल तर रिफंडचा नियम पाठच करा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. पण गेम उघडा ठेवून मेनूत बसलात तरी घड्याळ चालूच असतं. म्हणून ग्राफिक्स कमी करून आधी सर्वांत गर्दीचा, धावपळीचा भाग खेळून बघा, अडकतोय का ते लगेच कळतं.

एपिक गेम्स स्टोअरवर दर गुरुवारी काहीतरी फुकट असतं, ते घेत चला. प्री-ऑर्डर मात्र अजिबात नको. डिजिटल प्रती संपत नाहीत, त्यामुळे घाईचं कारणच नाही.